तबल्याची बाजू

तिसरा हेडफोनही उजव्या बाजूनं मुकाच निघाला तेव्हा माझ्या डोक्यात तिडीक गेली. पहिला परत पाठवला, दुसरा परत पाठवला, दोन्ही वेळा डिंपलनं, म्हणजे माझ्या मुलीनं, जळगावहून फोनवर विचारलं की पप्पा, नेमकं बिघडलंय काय, आणि दोन्ही वेळा मी सांगितलं, तबला येत नाही. तिनं तक्रारीच्या रकान्यात तेच लिहून पाठवलं म्हणे. हसली असेल. हसू दे. एकतीस वर्षं धुळे-जळगाव रस्त्यावर एस.टी. चालवलेल्या माणसाला यंत्रातली खोट कळते. गाडी एका अंगाला ओढत असेल तर खोट गाडीत असते, फार तर रस्त्यात असते, ड्रायव्हरमध्ये कधीच नसते, हे आमचं डेपोतलं पहिलं शास्त्र. तेव्हा मी तो हेडफोन झोक्यावर टाकला आणि मोठ्यानं म्हणालो, हाही तसलाच, हे लोक आपल्याला येडं समजतात. नूतन, माझी बायको, आत कणीक मळत होती. ती आली, पदराला हात पुसले, हेडफोन उचलला आणि डोक्यावर चढवला. संध्याकाळचे सहा वाजले असतील. सारंगीवर मारवा चालू होता. ती उभ्या उभ्या ऐकत राहिली, चांगलं मिनिटभर, डोळे मिटून. मग तो काढून माझ्या मांडीवर ठेवला. "दोन्हीकडून येतंय," ती म्हणाली. "तबला तर अगदी कानाशी आहे." आणि परत कणकेकडे गेली.

मी तसाच बसून राहिलो. मग ती येत नाही असं पाहून हेडफोन उलटा घातला, आर लिहिलेली वाटी डाव्या कानावर, एल लिहिलेली उजव्यावर. तबला आला. तबला आला आणि सारंगी गेली. सुलटा केला, सारंगी आली, तबला गेला. पाच-सहा वेळा मी हा खेळ केला, दर वेळी वाटायचं आता काहीतरी वेगळं होईल. उजव्या कानाशी चुटकी वाजवली. बोटं घासलेली कळली, चुटकी ऐकू आली ती लांबून, शेजारच्या घरात कुणी वाजवल्यासारखी. उठलो, खिडकीपर्यंत गेलो, परत आलो, पाणी प्यालो, पुन्हा खिडकी. वर पंखा घरघरत होता आणि तो नेमका कुठून घरघरतोय हे मला सांगता येईना, म्हणून मान वर करून बघितलं. नूतननं आतून काही सांगितलं असेल तर मला माहीत नाही, असं सहज मनात आलं आणि मी जागीच थांबलो. म्हणजे आजच नाही. कालही सांगितलं असेल. गेल्या वर्षी. दिवाळीत. मोबाइल मी नेहमी डाव्या कानालाच लावतो, ते का, याचा कधी विचारसुद्धा केला नव्हता.

जुने स्पीकर होते तेव्हा हे कळायचं काही कारणच नव्हतं. दोन लाकडी खोके, गुडघ्याएवढे, नासीरनं त्याच्या मेहुण्याकडून मिळवून दिलेले. नासीर माझा कंडक्टर, मला आबा म्हणतो, सतरा वर्षं आम्ही जोडीनं काढली. गाण्याचं वेड त्याचंच. पारोळ्याच्या थांब्यावर बशीतला चहा संपेपर्यंत तो मला एकेक राग समजावायचा, आणि मी ड्रायव्हर माणूस, आधी हसायचो, मग ऐकायला लागलो, मग सोडवेना. त्या खोक्यांतून आवाज निघायचा तो आधी खोलीत फिरायचा, भिंतींवर आपटायचा, आणि सारंगी काय, तबला काय, सगळं फिरून फिरून माझ्या एकाच कानात येऊन पडायचं. मी समजत होतो दोन्ही कानांनी ऐकतोय. दिवाळीच्या साफसफाईत खोके उघडले तर उंदरांनी आतला कागद खाऊन टाकलेला. डिंपलनं मोबाइलवर दोन्ही दाखवलं, नवे स्पीकर आणि हेडफोन, किंमत जवळपास सारखीच, पप्पा, दोन्हीतलं एक सांगा. मी हेडफोन म्हणालो. मम्मीला टीव्ही बघता येईल असं कारण दिलं. खरं कारण ते नव्हतं. गेली पाच वर्षं या घरात आम्ही दोघं कामापुरतं बोलतो. गॅस संपला, बिल आलं, डिंपलचा फोन होता. समोरच्या खोलीत मारवा लागला की आत नूतन भांडी हळू ठेवायला लागते, हे मला रोज जाणवायचं. तिला तो आवडतो की ती माझ्यासाठी करते, ते कळत नव्हतं, आणि विचारणार कोण. एकच गाणं दोघांनी दोन खोल्यांत ऐकायचं आणि त्यावर एक शब्द काढायचा नाही, याचा मला वीट आला होता. म्हटलं, आपलं गाणं आपल्या डोक्यात. आता डोकं अर्धंच निघालं. बदलून घ्यायची मुदत रविवारपर्यंत होती. स्पीकर मागवले असते तर सगळं पूर्ववत झालं असतं आणि कुणाला काही कळलं नसतं, डिंपलला नाही, नूतनला नाही. फोन हातात घेतला, ठेवला, घेतला. त्या आठवड्यात किती वेळा तसं केलं ते मलाच माहीत.

उजवा कान म्हणजे ड्रायव्हरचा खिडकीचा कान. डाव्या अंगाला प्रवासी, त्यांची पोरं, त्यांच्या कोंबड्या, कंडक्टरची घंटी. उजव्या अंगाला रस्ता. मे महिन्यात काच वर करून गाडी चालवून दाखवा म्हणावं कुणी. एकतीस वर्षं तो गरम वारा, समोरून येणाऱ्या ट्रकांचे ते भोंगे, कडेकडेनं घुसणारे केळीचे ट्रक, सगळं त्या एका कानानं घेतलं. एकदा एरंडोलच्या पुढे असाच एक ट्रक उजवीकडून पुढे निघत होता आणि मी गाडी उजवीकडे घ्यायला लागलो. नासीर मागून ओरडला, आबा, उजवीकडे ट्रक! मी स्टिअरिंग झटक्यानं आवरलं. पन्नास-पंचावन्न माणसं होती गाडीत. नंतर नासीर म्हणाला की तो ट्रक अर्धा मिनिट भोंगा वाजवत होता. मी म्हणालो, विचारात होतो. नूतनची आई गेल्याला तेव्हा महिनाच झाला होता, म्हणून सगळ्यांनी ते खरं मानलं. मीही मानलं. माणूस विचारात असतो, तसा होतो. आता झोक्यावर बसून तो भोंगा मी आठवायला बघत होतो आणि तो आठवणीतसुद्धा येत नव्हता, नुसता नासीरचा आवाज यायचा. त्या गाडीतली एक म्हातारी उतरताना मला म्हणाली होती, भाऊ, सांभाळून आणलं तुम्ही.

आणि हा झोका. मी नेहमी खिडकीच्या अंगाला बसतो, डाव्या टोकाला. नूतन आतून येते ती उजव्या अंगाला बसते, स्वयंपाकघराचं दार तिकडे आहे म्हणून. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, यातली दहा-बारा तरी ती माझ्या मुक्या अंगाला बसून बोलली. मोठ्यानं बोललं की मला येतं. जेवायला चला, येतं. दार वाजलं, येतं. हळू बोललेलं येत नाही, वर पंखा असेल तर अजिबातच नाही, आणि माणूस अवघड गोष्ट हळूच बोलतो. त्यात मी झोपतो डाव्या कुशीवर, म्हणजे चांगला कान उशीत. माझी झोप फार गाढ, असं मी लोकांना अभिमानानं सांगायचो. तिनं काय काय सांगितलं असेल त्या उशीला. मधूनमधून ती चिडून म्हणायची, तुम्ही ऐकून न ऐकल्यासारखं करता, आणि मी म्हणायचो, तू तोंडातल्या तोंडात बोलतेस. डिंपलच्या लग्नात तिच्या भावाला, मगनला, आहेर राहिला. तीन वेळा सांगितलं होतं, ती म्हणाली. मी शपथेवर सांगितलं, एकदाही नाही. तेव्हा ती माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होती ती नजर मला या आठवड्यात सारखी आठवत होती, आणि प्रत्येक आठवणीबरोबर, खोटं कशाला बोलू, थोडं बरंही वाटत होतं. म्हणजे मी इतका वाईट नव्हतो. कान गेला होता. बिचारा कान. एकेक जुनं भांडण मी काढायचो, तपासायचो, ती कुठल्या अंगाला बसली होती ते आठवायचो, आणि स्वतःला सोडून द्यायचो. असं करत करत मी त्या दुपारपाशी आलो की उठून खिडकीकडे जायचो.

ती दुपार अशी होती. माझी दुसरी पाळी होती. मोरीजवळच्या आरशासमोर दाढी करत होतो. स्वयंपाकघराचं दार तिथून डाव्या हाताला येतं. नूतन दारात येऊन उभी राहिली. तिची आई, इंदिराबाई, भडगावला एकटीच होती. मांडीचं हाड मोडून उठली होती, काठी धरून मोरीपर्यंत जायची तेवढंच. मगन शिरपूरला, त्याच्या घरी तिचं पटत नव्हतं. नूतन म्हणाली, मायले आठे लई येऊ का, आईला इकडे घेऊन येऊ का. माहेरचं काही बोलायचं असलं की ती अहिराणीत बोलते. पंखा बंद होता, नळ बंद होता. शब्द न् शब्द आला. मी रेझर पाण्यात बुडवला, झटकला, हनुवटीखालची कातडी ताणली आणि दाढी करत राहिलो. घर दोन खोल्यांचं होतं हे खरं. पण तेवढंच नाही. लग्नाच्या वेळी इंदिराबाई चार बायकांत म्हणाली होती की पोरगी स्टिअरिंगला दिली, आणि ते मी तेवीस वर्षं जपून ठेवलं होतं. नाही म्हणायचा वाईटपणा मला नको होता. हो म्हणायचं नव्हतं. मी तोंड धुतलं, पुसलं. ती तोवर उभी होती. मग आत गेली. तिनं पुन्हा कधी विचारलं नाही. मी मनात म्हणायचो, पुन्हा विचारलं तर हो म्हणू. सात महिन्यांनी इंदिराबाई भडगावलाच वारली. तेव्हापासून नूतन मला कुठलीच गोष्ट विचारत नाही. सांगते. विचारत नाही.

शुक्रवारी मी कुणाला काही न सांगता जळगाव गाठलं. डिंपलकडे न जाता नासीरकडे गेलो आणि त्यानं मला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. काचेच्या एका खोपटात बसवून त्यांनी माझ्या डोक्यावर हेडफोनच चढवला, हातात बटण दिलं, आवाज आला की दाबा म्हणाले. डावीकडे पटापट दाबलं. उजवीकडे सुरू केल्याचं काचेपलीकडच्या बाईंच्या तोंडावरून कळलं, आणि माझा अंगठा शिवशिवायला लागला. उगाच दोन-चार वेळा दाबावं वाटलं. नाही दाबलं. कागदावर डाव्या कानाच्या निळ्या फुल्यांची ओळ वर होती आणि उजव्याच्या लाल गोळ्यांची पार तळाला. नक्की सांगता येत नाही, पण जुनं आहे, दहा-बारा वर्षं सहज, डॉक्टर म्हणाले. बाहेर येऊन नासीरनं चहा मागवला आणि कबूल केलं की त्याला ठाऊक होतं. एरंडोलच्या त्या ट्रकाच्याही आधीपासून. म्हणून उजव्या अंगाला काही आलं की तो घंटी सोडून तोंडानं ओरडायचा, म्हणून दाराजवळची जागा सोडून माझ्या पाठीमागे उभा राहायचा. सांगितलं असतं तर तुझं स्टिअरिंग गेलं असतं, तो म्हणाला. मला त्याचा राग आला आणि त्याच्या गळ्यात पडावंसंही वाटलं, म्हणून मी चहा प्यालो. मग त्याला घरातलं सगळं सांगितलं, तेवढी दुपार सोडून. नासीरनं तो कागद नीट घडी करून माझ्या खिशात घातला. "आबा, हा कागद भाभीला दाखव," तो म्हणाला. "बठ्ठं माफ होईल, सगळं. एका झटक्यात."

परतीच्या गाडीत मी डावीकडच्या खिडकीशी बसलो, तर शेजारचा माणूस आपसूक उजव्या अंगाला आला. तो मधूनमधून काही बोलत होता, मी मान हलवत होतो. बठ्ठं माफ होईल. हे खरंच होतं, तीच तर अडचण होती. कागदावर दहा-बारा वर्षं होती आणि ती दुपार पाच वर्षांपूर्वीची. तारखेत बसत होती. मला खोटंही बोलावं लागणार नव्हतं. कागद पुढे करायचा, ती आपणच हिशोब जुळवणार, आपणच म्हणणार, अरे देवा, म्हणजे तेव्हाही. मी फक्त गप्प बसायचं, आणि गप्प बसायची मला सवय आहे. दुसरीकडे तो कागद फाडून खिडकीबाहेर सोडायचा, डिंपलला फोन करायचा, स्पीकरच पाठव बाई, आणि घर आहे तसं चालवायचं. तेही जमण्यासारखं होतं. पारोळ्याला गाडी थांबली, मी उतरलो, चहा घेतला, तो न पिताच परत चढलो. ड्रायव्हर पोरगेलासा होता, काच खाली करून बसला होता. त्याला सांगावंसं वाटलं, कानात कापूस घाल रे. सांगितलं नाही. उरलेल्या रस्त्यात मला एवढंच कळत होतं की नूतननं पुन्हा एकदा तरी माझ्याकडे पूर्वीसारखं बघावं, यासाठी मी काहीही करायला तयार होतो, आणि त्याच गोष्टीची मला भीती वाटत होती.

घरी आलो तेव्हा ती झोक्यावर मेथी निवडत बसली होती. मी खिडकीच्या अंगाला बसलो आणि कागद तिच्या मांडीवर ठेवला. उजवा कान गेलाय, म्हणालो. हेडफोन चांगलाच होता. तिनं कागद उलटसुलट बघितला, लाल गोळ्यांवर बोट फिरवलं, कधीपासून म्हणून विचारलं. विचारलं. मी सांगितलं, दहा-बारा वर्षं. ती हसायला लागली, डोळ्यांत पाणी आणि हसू एकदम. म्हणजे मगनचा आहेर, ती म्हणाली. मी मान हलवली. म्हणजे मला ताप होता आणि मी रात्रभर पाणी मागत होते ती रात्र, ती म्हणाली. ती रात्र मला माहीतच नव्हती. म्हणजे डिंपलच्या पहिल्या पगाराचं. म्हणजे माझ्या गुडघ्याचं. एकेक काढत गेली आणि एकेक सोडत गेली, मोठ्यानं बोलत होती, मला ऐकू यावं म्हणून शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतकं मोठ्यानं. चिखल लागलेल्या बोटांनी तिनं माझा उजवा कान धरला आणि हलवला, पोराचा धरतात तसा. किती वर्षांनी हात लावला होता तिनं मला. मला वाटलं, इथंच थांबावं हे. देवा, इथंच थांबव. तिचा हात खाली आला. ती मेथीकडे बघत राहिली. मग हळू बोलायला लागली आणि लक्षात येऊन पुन्हा मोठ्यानं म्हणाली.

"मायनं विचारं व्हतं मी. त्या दिन तुम्हले आयकू उनं व्हतं का?"

आईचं मी विचारलं होतं ते त्या दिवशी ऐकू आलं होतं का, याचं उत्तर तिच्या चेहऱ्यावर आधीच तयार होतं. नसेलच आलं, असं ती स्वतःच पुटपुटली, ओठांवरून कळलं मला. ती कुठं उभी होती हे तिच्या ध्यानात नव्हतं. डावी-उजवी कोण लक्षात ठेवतो. मला फक्त मान हलवायची होती, आतापर्यंत हलवत आलो होतो तशीच, आणि आम्ही दोघं उरलेलं आयुष्य सुखानं काढलं असतं, हे मी आजही सांगतो, सुखानंच काढलं असतं.

"उनं व्हतं," मी म्हणालो.

तिनं मेथीची जुडी उचलली, आत गेली. नळ सोडल्याचं ऐकू आलं, बंद केल्याचं ऐकू आलं. मी बसून होतो. उठवत नव्हतं, एरवी क्षणभर बूड टेकत नाही तो मी. आता पुन्हा पाच वर्षं, किंवा आता कायमचंच, असं मनाशी म्हणत होतो. ती प्लास्टिकची खुर्ची घेऊन बाहेर आली, झोक्याला वळसा घालून माझ्या डाव्या अंगाला, खिडकीत, खुर्ची ठेवून बसली. आता मोठ्यानं बोलायचं काही कारण नव्हतं आणि ती बोललीही नाही मोठ्यानं. "आते आयका," ती म्हणाली.

ती सांगत गेली. त्या दिवशी सकाळीच तिनं भडगावला फोन केला होता, की आज विचारते. इंदिराबाईनं फोन ठेवल्या ठेवल्या पिशवी भरली. दोन लुगडी, चष्मा, औषधं, आणि मला आवडतात म्हणून एका डब्यात बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड. पिशवी दाराशी ठेवली. दर दोन दिवसांनी ती फोनवर विचारायची, काय म्हणाले जावई, आणि नूतन खरं तेच सांगायची, अजून काही बोलले नाहीत. म्हातारी म्हणायची, बोलतील, ड्युटीचा माणूस आहे, सवड मिळायला हवी. औषध लागलं की पिशवीतून काढायची आणि परत पिशवीत ठेवायची. सात महिने. मगननं शेवटी दार उघडलं तेव्हा पिशवी तिथंच होती, बिबड्यांना जाळी लागलेली. हे सगळं नूतन एका सुरात सांगत होती, रडत नव्हती, आणि तिचा एकही शब्द माझ्या कानातून निसटला नाही.

"तुम्ही नाही म्हटलं असतं ना," ती म्हणाली, "तर तिनं पिशवी रिकामी तरी केली असती."